जोडीदाराला कंपनीच्या आरोग्य विम्यात घेताना: पडताळणी सेवेचा अनुभव

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटला राहते आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. माझा जोडीदार मूळचा मडगावचा. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले, दोघांचीही आधीची लग्नं होऊन गेलेली, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. पुन्हा लग्न करायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे आणि त्याची कारणं आमच्यापुरती आहेत. त्याची नोकरी गेली, तिच्याबरोबर विमाही गेला, म्हणून त्याला माझ्या विम्यात घ्यायचं ठरवलं. आमची कंपनी ‘डोमेस्टिक पार्टनर’, म्हणजे लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदार, मान्य करते, पण पात्रता तपासायचं काम तिने बाहेरच्या एका पडताळणी सेवेला दिलं आहे. हा आढावा मुख्यतः त्या सेवेचा.

पोर्टलवर आधी नातं निवडायचं. ‘पती/पत्नी’ निवडलं की एकच कागद मागतात, लग्नाचा दाखला. ‘डोमेस्टिक पार्टनर’ निवडलं की यादी उलगडत जाते. नोटरीसमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र, किमान वर्षभर एका पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा, शिवाय पैशाचे व्यवहार एकत्र असल्याचे दोन पुरावे. म्हणजे दोघांच्या नावचा भाडेकरार किंवा घराचं कर्ज, जॉइंट खातं, एकमेकांना वारस नेमल्याचे कागद, असं काहीतरी.

आमचं घर माझ्या नावावर आहे, विजेचं बिल त्याच्या नावाने येतं, गाड्या वेगळ्या, बँक खाती वेगळी. तो महिन्याच्या महिन्याला निम्मा खर्च माझ्या खात्यात भरतो. उतारवयात एकत्र आलेली माणसं मुलांच्या वाट्याचा विचार करून पैसे वेगळे ठेवतात, त्यात वावगं काही नाही. आम्ही दोघांचे ड्रायव्हिंग लायसन्स, विजेचं बिल, घराच्या मालमत्ता कराची पावती आणि त्या मासिक भरण्याची बँक स्टेटमेंट्स असं सगळं चढवलं. उत्तर आलं, ‘पुरावा अपुरा’. कुठला कागद कमी पडला, कुठला चालला, एक अक्षर नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी अतिशय सौजन्याने बोलली, पण तिच्या स्क्रीनवरही तेच दोन शब्द होते. इकडे विमा गेल्याच्या तारखेपासून नाव घालायला तीस दिवसांची मुदत चालू असते. ती हुकली की वर्षाअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबायचं. अशा वेळी ‘अपुरा’ एवढंच कळवून मोकळं होणं मला मुळीच मान्य नाही.

आता खरी उपयोगाची गोष्ट. त्याच यादीत सगळ्यात तळाला, ‘इतर’ या मथळ्याखाली, राज्याकडे डोमेस्टिक पार्टनर म्हणून नोंदल्याचं नोंदणीपत्र असा पर्याय आहे. तो एकच कागद दिला की वरचं काहीही लागत नाही. आम्हाला तेच कामी आलं. कॅलिफोर्नियात ही नोंदणी २००० सालापासून आहे. आधी ती समलिंगी जोडप्यांसाठी होती, आणि स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी एकाचं वय ६२च्या पुढे असेल तरच त्यांना मिळायची. १ जानेवारी २०२० पासून अठरा वर्षांवरच्या कुठल्याही जोडप्याला करता येते. दोघांपैकी कुणाचं दुसरं लग्न किंवा दुसरी नोंदणी चालू नसावी, जवळचं रक्ताचं नातं नसावं, एवढंच. जॉइंट खात्याबद्दल राज्य विचारत नाही.

अर्ज दोन पानांत आटोपतो, दोघांच्याही सह्या नोटरीसमोर व्हाव्या लागतात. आम्ही जवळच्या पार्सलच्या दुकानात गेलो. तिथल्या नोटरीबाईंनी लायसन्सवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर अक्षर लावून पाहिलं. लायसन्सवर माझं मधलं नाव पूर्ण आहे आणि अर्जात मी नुसतं आद्याक्षर लिहिलं होतं, तर त्यांनी कोरा अर्ज पुढे केला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘इथे परत पूर्ण लिहा, सॅक्रामेंटोहून परत आला तर तुमचे दिवस जातील.’’ सॅक्रामेंटो ही राज्याची राजधानी, नोंदणीची कचेरी तिथेच. मग जाड वहीत दोघांच्या सह्या घेतल्या. एका सहीला १५ डॉलर, राज्याने ठरवलेली कमाल फी तेवढीच. त्या बाईंना मी पाचपैकी पाच देते. मुदत जवळ आली होती म्हणून अर्ज टपालाने न पाठवता सॅक्रामेंटोला स्वतः नेऊन दिला. नोंदणीपत्र पोर्टलवर टाकलं आणि मंजुरी आली. राज्याच्या कचेरीलाही पाचपैकी पाच.

पडताळणी सेवेला मात्र दोन. तेही फोनवरच्या माणसांच्या वागण्यासाठी आणि कागद मिळाल्यावर त्यांनी वेळ न दवडल्याबद्दल. जो कागद एकटा पुरतो तो यादीत पहिला हवा. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाने १९८२ साली जोडीदारांना असा विमा द्यायला सुरुवात केली, तेव्हा समलिंगी जोडप्यांना लग्नाचा रस्ताच नव्हता. भाडेकरार आणि एकत्र खाती दाखवण्यावाचून त्यांच्या हाती दुसरं काय होतं? २०१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाह मान्य केल्यावर काही कंपन्यांनी ही सवलतच काढून टाकली. ज्यांनी ठेवली त्यांनी निदान जुन्या याद्या तरी नीट लावाव्यात. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीकडून घेतलेल्या योजनेत, नवरा-बायकोंकडून मागत नसाल तर नोंदणीकृत जोडीदाराकडूनही पुरावा मागता येत नाही. पण मोठी कंपनी स्वतःच्या पैशातून योजना चालवत असेल तर तिला फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा लागतो आणि राज्याचा हा नियम तिथे पोहोचत नाही. म्हणून आपली योजना कुठल्या प्रकारची आहे ते एचआरला आधी विचारा.

नोंदणी करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही नुसती विम्यापुरती सोय नाही. राज्याच्या दृष्टीने मिळकत, कर्ज, वारसा या सगळ्यात तुम्ही जवळजवळ विवाहित होता आणि मोडायची वेळ आली तर बहुतेकांना कोर्टातच जावं लागतं. आम्ही वकिलाकडून पैशांबद्दलचा करार आधी करून घेतला. आणि एच-वन या नोकरीच्या व्हिसावरच्या तरुण मंडळींसाठी: या नोंदणीवर जोडीदाराला एच-फोर हा कुटुंबीयांचा व्हिसा मिळत नाही, त्याला लग्नच लागतं.

कराचं गणित तर कुणी आपणहून सांगतच नाही. जोडीदार करासाठी तुमच्यावर अवलंबून नसेल तर कंपनी त्याच्यासाठी भरते तो हप्ता फेडरल सरकार तुमचं उत्पन्न धरतं. समजा कंपनी महिन्याला ६०० डॉलर भरते, तर वर्षाला ७,२०० डॉलर तुमच्या पगारात मिळवले जातात. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,५८४ डॉलर आयकर, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे साधारण ५५० डॉलर. नवरा-बायकोला यातलं काही नाही. एफएसए आणि एचएसए या औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांतले पैसेही अशा जोडीदाराच्या औषधांना वापरता येत नाहीत, आणि तुमची नोकरी गेली तर कोब्राखाली, म्हणजे नोकरी सुटल्यावरही स्वतः हप्ता भरून कंपनीचा विमा काही काळ चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, त्याला स्वतःचा हक्क नसतो, कंपनीने आपणहून दिला तरच.

राज्य नोंदणीचा इथे आणखी एक फायदा आहे. नोंदणी असेल तर कॅलिफोर्नियाच्या करात कंपनी भरते त्या हप्त्याची रक्कम उत्पन्नात धरत नाहीत. पण पडताळणी सेवेकडे दिलेलं नोंदणीपत्र पगार खात्यापर्यंत पोहोचतंच असं नाही, तेव्हा त्यांना वेगळं लेखी कळवा. डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला, हातात आला की पहिला (फेडरल करासाठीचा पगार) आणि सोळावा (राज्याच्या करासाठीचा पगार) रकाना शेजारी ठेवून बघा. सोळाव्यातून ती रक्कम वगळलेली नसेल, तर रिटर्न भरण्याआधीच दुरुस्त प्रत मागून घ्या.