कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरी, गॅटिनो : टोटेम खांबांपाशी थांबू नका

कॅनडाची राजधानी ओटावा इथल्या संसदेसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर हे संग्रहालय आहे. त्यासाठी किमान अर्धा दिवस ठेवा आणि आत शिरायची घाई करू नका. वास्तुकार डग्लस कार्डिनल यांनी १९८९ साली खुल्या झालेल्या या इमारतीतच देशाचा भूगोल उभा केलाय. संशोधन आणि साठवणीचा भाग म्हणजे कॅनेडियन शील्ड या प्राचीन खडकाळ प्रदेशाचा कातळ, प्रदर्शनांचा भाग म्हणजे वितळणाऱ्या हिमनद्या, तर मधला चौक म्हणजे गवताळ मैदानं. भिंत जवळून बघा. मॅनिटोबाच्या टिंडल चुनखडीत तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसते. ती सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात जिवांनी केलेल्या बिळांची. मधूनच एखादा जीवाश्मही सापडतो.

आत ग्रँड हॉल आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूलनिवासी समाजांच्या सहा घरांचे दर्शनी भाग इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे, कोस्ट सॅलिश समाजापासून त्सिमशियन समाजापर्यंत मांडलेत, सोबत टोटेम खांब म्हणजे कोरीवकाम केलेले उंच लाकडी खांब. त्याच क्रमाने चाला. या किनाऱ्यावर पाऊस प्रचंड, त्यामुळे लाल सीडरची झाडं अजस्र वाढतात. लाकूड सरळ चिरतं, म्हणून घराच्या फळ्या, खांब, होड्या सगळं त्याचंच. सालीचे दोर आणि कपडेसुद्धा. दरवर्षी नद्यांत येणारा सॅमन मासा वाळवून हिवाळ्याची बेगमी व्हायची, म्हणून कायमची गावं वसली आणि कोरीवकाम बहरलं. शिल्पकार बिल रीड यांच्या ‘स्पिरिट ऑफ हायडा ग्वाय’चं मूळ प्लास्टर शिल्पही इथेच आहे. हॉलच्या नदीकडच्या टोकाला वर बघायला विसरू नका: घुमटात चित्रकार आलेक्स जानव्हिए यांचं अप्रतिम ‘मॉर्निंग स्टार’ हे चित्र आहे.

बरेच जण फोटो काढून इथूनच परततात आणि कॅनडाचे सगळे मूलनिवासी टोटेम खांब उभारत, असा समज घेऊन जातात. हा तर एका किनारपट्टीचा वारसा. म्हणून लगेच फर्स्ट पीपल्स हॉलमध्ये जा. आर्क्टिकमधली देवमाशाची शिकार, मैदानांवरची बायसनची सामूहिक शिकार, इरोक्वोइयन लोकांची लांबघरं (अनेक कुटुंबांची लांबट सामायिक घरं) आणि शेती असं प्रदेशागणिक बदलणारं जगणं तिथे आहे, आणि संग्रहालयाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. मजकूर मात्र भरपूर, तोही इंग्रजी-फ्रेंचमध्ये. सगळं वाचत बसलात तर मुलं कंटाळतील. जमीन आणि माणसाच्या नात्याचा विभाग निवांत पाहा, बाकी चाळा.

मेटी लोकांचा (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) लढा आणि मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा वेदनादायी इतिहास वरच्या मजल्यावर, २०१७ साली उघडलेल्या कॅनेडियन हिस्टरी हॉलमध्ये आहे. त्यासाठी किमान तासभर राखून ठेवा. दमल्यावर उरकण्यासारखं ते दालन नाही.