निकामी नसलेला कन्व्हर्टर आणि हरवलेला कोड

माझी जुनी पेट्रोल गाडी उत्सर्जन चाचणीत नापास झाली, तेव्हा हाती पडलेल्या चिठ्ठीतच दोषाचे मूळ लिहिलेले होते. मात्र ती वाचायची कशी हे मला ठाऊक नव्हते आणि ज्याला ठाऊक होते त्याने मुद्दाम वाचली नाही. कार्बन मोनॉक्साइड २.८ टक्के आणि लॅम्डा ०.९२ अशा त्या नोंदी होत्या. लॅम्डा १ म्हणजे एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, आणि आकडा त्याहून कमी असेल तर इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला, पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेल्याचे सांगून टाकले. वास्तविक कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करण्यासाठी कन्व्हर्टरला ऑक्सिजन लागतो आणि मिश्रण इतके रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असलेले, असताना तो शिल्लकच राहत नाही, त्यामुळे अशा गाडीत अगदी नवा कन्व्हर्टर बसवला तरी त्याचा उपयोग होत नाही. शिवाय गाडी पेट्रोल जास्त पीत होती आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरत होती. हे मी त्याला आपणहून सांगितले होते, तेही त्याने कानाआड केले.

कन्व्हर्टर बदलला गेला. जुना परत मागितला, तर तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो आणि जुन्या कन्व्हर्टरलाही त्यामुळे चांगली किंमत येते, हे मला फार उशिरा कळले. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा मात्र विझलेला होता, आणि एवढ्यावरच मी समाधान मानले.

फेरचाचणीच्या ठिकाणी यंत्र जोडताच गाडी परत पाठवण्यात आली, कारण दिवा विझवण्यासाठी बिघाडाचा कोड पुसला की गाडीच्या संगणकाने स्वतःच्या भागांची केलेली तपासणीही पुसली जाते आणि ती पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी चाचणीस पात्र धरली जात नाही. काही दिवस गाडी चालवून पुन्हा गेलो, तर कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ तेवढाच. आता त्याच मेकॅनिकचे म्हणणे असे पडले की पिस्टनच्या रिंगा झिजल्या असून इंजिन उघडावे लागेल. इथे मात्र मी थांबलो.

दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनरचा पडदा माझ्यासमोर धरण्यात आला. दिवा पुन्हा लागला होता आणि कोड होता पी०१२५, म्हणजे क्लोज्ड लूपसाठी (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या मापावरून पेट्रोल कमी-जास्त करण्याच्या पद्धतीसाठी) कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारे द्रव, पुरेसे तापलेले नाही. इंजिन पूर्ण तापलेले असताना पडद्यावर कूलंटचे तापमान २४ अंश दिसत होते, तर वेगळ्या तापमापकावर ८८. कूलंटचा टेंपरेचर सेन्सर बिघडला होता. इंजिन थंडच आहे अशा समजुतीने संगणक सतत जादा पेट्रोल सोडत होता आणि ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नव्हता. पहिल्या दिवशी वळवलेल्या पडद्यावर हाच कोड असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सेन्सर बदलल्यावर लॅम्डा १ वर आला, पण कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्क्यांवर अडकून राहिला. दुसऱ्या गॅरेजच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक लांबट नळी बसवलेली सापडली, जिच्यामुळे सेन्सर धुराच्या प्रवाहापासून दूर राहतो आणि कन्व्हर्टर काम करत नसल्याचे संगणकाला कळत नाही. नवा म्हणून बसवलेला कन्व्हर्टर काढून आरपार पाहिला, तर आतली जाळीच नव्हती. जो भाग बहुधा बदलण्याची गरजच नव्हती, तो आता खरोखर विकत घ्यावा लागला, आणि त्यानंतर गाडी चाचणीत उत्तीर्ण झाली.

पहिल्या गॅरेजात जाब विचारला, तेव्हा मालकाने बिल दाखवायला सांगितले. त्यावर फक्त ‘कन्व्हर्टर बदलला’ एवढेच लिहिलेले आहे. भागाचा क्रमांक नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, वाचलेल्या कोडची नोंद नाही आणि जुना भाग कोणाकडे राहिला याचा उल्लेखही नाही.