चाई पडली: डोक्यात सुई घ्यायची की गोळी सुरू करायची?

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘प्रतिकारशक्ती कमी झाली असेल.’ चाईत नेमकं उलट घडतं. एरवी केसाच्या मुळाकडे न फिरकणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशी, तिथे गोळा होऊन वाढत्या केसावर हल्ला करतात. चट्ट्याच्या कडेचे तुटके केस भिंगातून बघा, टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते दिसतील. मूळ मात्र शाबूत असतं, म्हणून तर उपचाराला अर्थ आहे.

त्वचेतल्या सगळ्याच टी पेशी केसांच्या मुळावर उठलेल्या नसतात, बरं का. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी काढून घेतल्या तर उंदरांचे केस नीट उगवत नाहीत, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. खालचे दोन्ही उपचार इतका बारीक भेद करत नाहीत.

एक-दोन चट्टे असतील तर मी सुईच्या बाजूने. ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड चट्ट्यातच, दर चार-सहा आठवड्यांनी टोचतात. दुखतं, कधी त्या जागी खळगा पडतो. शिवाय दुसरीकडे नवा चट्टा पडायचा तो पडतोच. पण औषधाचा परिणाम बहुतांशी तेवढ्याच जागी राहतो. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआपही भरतात, तेव्हा थोडं थांबणं हाही पर्याय आहे. आधी पांढरे केस आले तर घाबरू नका, रंग बहुधा मागून येतो.

निम्म्याहून जास्त डोकं मोकळं झालं असेल तर किती ठिकाणी टोचणार? तिथे बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या येतात. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. बारा वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिब २०२३ मध्ये आली. हल्ला पेटता ठेवणारा पेशींमधला निरोप त्या अडवतात. मोठ्या चाचण्यांत रोज ४ मिलिग्रॅम बॅरिसिटिनिब घेणाऱ्या साधारण तिघांपैकी एकाच्या ८० टक्के डोक्यावर ३६ आठवड्यांत केस होते. म्हणजे दोघांच्या नव्हते, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा. गोळी सगळ्या शरीरावर काम करते. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी हवीच, आपल्याकडे तर नक्कीच. कावीळ आणि रक्ताच्या तपासण्याही लागतात. रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी किंवा मूल हवं असलेल्या बाईने आधी स्पष्ट सांगावं. गोळी बंद केली की केस पुन्हा गळण्याची शक्यता मोठी, त्यामुळे खर्च वर्षांच्या हिशेबाने मांडा.

आणि पुरुषाचं कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून हळूहळू वर सरकत असेल, तर ते बहुधा आनुवंशिक टक्कल. त्याला ना ही सुई लागू, ना ही गोळी.