न दुखणाऱ्या जखमेचा बाजार

मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर 'पाय न कापता हमखास इलाज' विकणाऱ्या लोकांनी माझ्या वडिलांना कसे फसवले, ते सविस्तर लिहीत आहे. या मंडळींची पद्धत ठरलेली असते आणि ती कळली तर पुढच्या माणसाला वेळीच सावध होता येईल, एवढाच यामागचा हेतू आहे.

वडिलांचा मधुमेह जुना. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर भर दुपारी अनवाणी दर्शन घेऊन ते घरी आले, तेव्हा तळपाय पोळला आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. आईला फरशीवर ओलसर डाग दिसले म्हणून तिने त्यांचा पाय उचलून पाहिला, तर दुसऱ्या बोटाच्या बुडाशी फोड फुटून कातडे लोंबत होते. रुग्णालयात सर्जननी त्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. हा धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो आणि तेवढा स्पर्शही कळला नाही, तर त्या पायाला संरक्षण देणारी संवेदना उरलेली नाही असे समजतात. तपासणी संपली तरी वडील विचारतच होते, "कधी लावताय?" मेलेले कातडे काढले गेले, प्रतिजैविके सुरू झाली आणि त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, अशी सक्त सूचना मिळाली. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला तर बोट काढावे लागेल, हेही सर्जननी स्पष्ट सांगितले.

या शेवटच्या वाक्याची धास्ती घेऊन बाहेर पडणारी माणसे हेरण्यासाठीच रुग्णालयाबाहेरच्या औषधाच्या दुकानापाशी एक सभ्य दिसणारा गृहस्थ उभा होता. "काका, शुगरची जखम का? आमच्या वडिलांचा पाय गुडघ्यातून काढायला सांगितला होता, आज शेतात हिंडतात," असे म्हणून त्याने मोबाइलवरची छायाचित्रे दाखवली, एका वैद्याचा पत्ता दिला आणि चहासुद्धा न घेता तो निघून गेला. वडिलांचा विश्वास बसला तो या निरिच्छपणामुळे.

वैद्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत. 'मधुमेह, गँगरीन मुळापासून बरे' असे छापलेले पत्रक हातात देऊन त्याने एका चिठ्ठीवर औषधे लिहिली आणि ती शुद्ध स्वरूपात अमुक एका काष्ठौषधीच्या दुकानातच मिळतात, असे बजावले. खरी लूट त्या दुकानात झाली. आईने भाव विचारला तेव्हा "आधी वैद्यांनी लिहिले तेवढे कुटून तर होऊ द्या," असे उत्तर मिळाले. सगळे कुटून, वस्त्रगाळ करून, तुपात खलून झाल्यावर दुकानदाराने ग्रॅमला 900 रुपये भाव सांगितला आणि 80 ग्रॅमचे 72,000 रुपये मागितले. खललेले औषध परत घेता येत नाही, रुग्णाच्या नावाने केलेले औषध अर्धवट सोडले तर ते उलटते, अशी भीती घालून झाल्यावर दुकानातलाच एक पोरगा वडिलांना मोटारसायकलवर बसवून बँकेत घेऊन गेला. ऑनलाइन पैसे त्यांनी घेतले नाहीत, कारण त्यात घेणाऱ्याचे नाव राहते. पावती म्हणून कोऱ्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला.

लेप काळा होता आणि त्याला कापराचा उग्र वास होता. पट्टी आठ दिवस सोडायची नाही, इंग्रजी औषधे बंद करायची आणि दुखायचे थांबले की गुण आला असे समजायचे, ही पथ्ये होती. मुळात जो पाय दुखतच नव्हता त्याच्याबाबत 'दुखणे थांबेल' ही हमी देणे म्हणजे रोगानेच फुकट दिलेली गोष्ट पैसे घेऊन विकणे आहे. काळ्या लेपाखाली बोट काळे पडलेले दिसत नाही, कापरामुळे पुवाचा वास येत नाही आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर निर्धास्त चालत राहतो.

ताप आला आणि सूज घोट्यापर्यंत चढली, तेव्हा वडिलांना पुन्हा दाखल केले. सर्जननी जखमेत धातूची बोथट सळई हळूच घातली, ती थेट हाडाला टेकली आणि पुढे क्ष-किरण तपासणीतही हाड कुजलेले दिसले. बोट काढावे लागले. पायाचा रक्तपुरवठा मात्र चांगला होता. अशी जखम साखर आटोक्यात ठेवून आणि भार काढून घेऊन बहुधा भरून येते, असे सर्जन म्हणाले, तेव्हा आम्हाला जास्त वाईट वाटले. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर (त्यांचेही पाय असेच बधिर होतात) उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की बधिर पायाच्या जखमा त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबामुळे होतात आणि चिघळतात. पायाला चपखल बसणारे प्लॅस्टर आणि मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराच्या चपला यांमागचे तत्त्व हेच आहे. दाबावर कोणत्याही भस्माचा इलाज चालत नाही.

आयुर्वेदाशी माझे भांडण नाही. आमच्याच गावातल्या नोंदणीकृत वैद्यांनी नंतर ती पट्टी पाहून कपाळावर हात मारला आणि अशी जखम आपण आधी सर्जनकडेच पाठवतो, असे सांगितले. पोटात घ्यायच्या तथाकथित वनस्पती पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी इंग्रजी औषधे किंवा स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी आहेत. साखर अचानक उतरली म्हणून पुडीला श्रेय देण्याआधी हेही लक्षात ठेवावे, आणि स्टेरॉइडने तर साखर वाढते व जखम भरायला वेळ लागतो.

दुकानाच्या गाळ्यावर आता दुसराच फलक आहे आणि वैद्याचा फोन बंद आहे. आम्ही पोलिसांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. कोऱ्या कागदावरच्या आकड्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग झाला नाही, पण ते छापील पत्रक आईने जपून ठेवले होते. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 याच्या परिशिष्टात ज्या रोगांवरील औषधांच्या जाहिरातीला मनाई आहे, त्यांत मधुमेह आणि गँगरीन हे दोन्ही आहेत आणि पहिल्या गुन्ह्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे असे पत्रक कोणी हातात दिले तर ते फाडू नये. त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, शक्य झाल्यास जखमेची छायाचित्रे आणि रुग्णालयाचे कागद त्याला जोडावेत आणि औषध उरले असेल तर तेही डब्यासकट तसेच ठेवावे, म्हणजे ते तपासणीला देता येते.