देखण्या अक्षरावर पोट भरायचं तर: कामं, क्लास की फॉन्ट?

नोकरी चालू आहे. रविवारी बोरू आणि शाई काढून बसता. नात्यातल्या दोन-चार लग्नपत्रिका आणि शेजारच्या दारावरची पाटी तुमच्या हातची आहे, आणि आता यातच पूर्णवेळ उतरावं का, हा विचार पाठ सोडत नाही. तुम्ही या टप्प्यावर असाल तर हे तुमच्यासाठी आहे. महाराष्ट्रात सुलेखनावर जगू पाहणाऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: लोकांची कामं घेणं, शिकवणं आणि फॉन्ट घडवणं. तिन्हीला हात एकच लागतो. पैसा कधी आणि कसा येतो, ते मात्र तिन्हींत पार वेगळं आहे.

मराठी नाटकांच्या जाहिराती ज्यांच्या अक्षरांवरून ओळखल्या जायच्या, ते कमल शेडगे बराच काळ टाइम्स ऑफ इंडियात नोकरीला होते. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी आधी उल्का या जाहिरातसंस्थेत होते आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिकवायचे. इतक्या मोठ्या माणसांच्या अक्षरसाधनेमागेही दरमहा येणारा पगार उभा होता. म्हणून या वाटांची तुलना करताना मी आधी एकच गोष्ट बघतो: महिन्याचा ठरलेला पैसा कुठून येणार? हात कितीही तयार असला तरी घरभाडं आणि शाळेची फी तारखेलाच द्यावी लागते.

पहिला पैसा सगळ्यात लवकर मिळतो तो कामांतून. लग्नपत्रिका, नावाच्या पाट्या, मानपत्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची शीर्षकं, छोट्या उद्योगांचे लोगो असं कामांचं स्वरूप असतं. दुकानांच्या पाट्यांचंही काम वाढेल असं अनेकांना वाटलं होतं. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असंही ठरलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पण रस्त्यावरून चालताना बघा: बहुतेक पाट्या तयार फॉन्टमध्ये कापलेल्या दिसतात. ज्याला घाईने नियम पाळायचा आहे तो सुलेखनकाराकडे येत नाही. ज्याला आपलं नाव वेगळं दिसावं असं मनापासून वाटतं, तो येतो. गिऱ्हाईक शोधायचं ते असं.

कामांचा खरा त्रास कळतो तो काम हातातून गेल्यावर. एका अंकाचं शीर्षक मी जाड ब्रशने केलं होतं. पुढच्या अक्षराची वेलांटी मागच्या अक्षराच्या डोक्यावरून झुकती आणली होती, आणि सगळा तोल त्या एका वळणावर होता. छपाईच्या वेळी जागा रुंद निघाली, म्हणून कोणीतरी कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक आडवं ओढून बसवलं. उभे दंड फुगले, वेलांटी चपटी झाली. तेव्हापासून प्रत्येक शीर्षक मी एका ओळीत, दोन ओळींत आणि चौकोनात बसेल अशा तीन रूपांत देतो, आणि रुंदी-उंची बदलायची नाही हे बिलावरच लिहितो. तुम्हीही हे पहिल्या कामापासून करा.

लेखी ठरवायचं ते इतकंच नाही. कॉपीराइट कायदा १९५७नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, आणि कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलं नसेल तर भारत. पत्रिकेच्या कामात हे कोणी विचारत नाही, पण लोगोच्या कामात हाच कागद तुमची किंमत ठरवतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मोफत होते, तीही करून ठेवा. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि उशीर करणाऱ्याशी बोलताना हा आधार फार कामी येतो.

क्लासचं गणित याच्या अगदी उलट. पैसा थोडा, पण तारखेला येतो. समजा, शनिवार-रविवारच्या वर्गात बारा जण आहेत आणि महिन्याची फी आठशे रुपये. म्हणजे ९,६०० रुपये झाले. त्यातून जागेचं भाडं, कागद आणि शाई वजा करा. एका वर्गावर घर चालणार नाही, पण असे तीन वर्ग असतील तर तुमच्याकडे लहानसा पगार तयार झाला. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची गर्दी असते, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ती ओसरते. मोठ्यांचे वर्ग त्या मानाने टिकतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकतात. आपली शनिवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची शनिवारची सकाळ, त्यामुळे वेळ जुळते. मात्र तिथल्या मुलांना आधी बाराखडीच पक्की करून द्यावी लागते, हे धरून चाला.

नुसतं सुंदर लिहिता येतं म्हणून शिकवता येतं असं नाही. बोरू कसा छाटायचा, देवनागरीसाठी तो छाट रोमन पेनच्या उलट तिरका का, मनगट कुठे टेकायचं, हे बोलून आणि हात धरून दाखवता आलं पाहिजे. अच्युत पालव यांनी सुलेखनाची शाळाच उभी केली आणि २०२५मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शिकवणं ही दुय्यम वाट नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटावं. त्याची किंमतही आहे: तुमच्या सगळ्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या ‘अ’वर जातात. आठवड्यातले दोन दिवस वर्ग न ठेवता स्वतःच्या सरावासाठी राखले नाहीत, तर वर्षभरात हात तिथेच थांबतो.

फॉन्टच्या वाटेवर पैसा सगळ्यात उशिरा येतो, आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला १२८ जागा आहेत, पण फॉन्टचं काम तेवढ्यावर भागत नाही. जोडाक्षरं, रफार, रकार, अर्धी अक्षरं असं सगळं धरलं तर आकारांची संख्या कित्येक शेंवर जाते. ऱ्हस्व वेलांटीच पाहा. ‘रि’ची वेलांटी ‘ज्ञि’वर पुरत नाही, म्हणून एकाच वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदी काढाव्या लागतात. मराठी वाचणाऱ्याला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे चालत नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक फॉन्टने सांभाळला नाही तर वाक्याचा अर्थच बदलतो. कागदावर हे हात आपोआप करतो, फॉन्टमध्ये प्रत्येक निर्णय वेगळा घ्यावा लागतो. ज्याला या बारकाव्यांत रस आहे त्याचं कितीही काम झालं तरी मन भरत नाही. ज्याला ब्रशच्या एका फटकाऱ्यातला आनंद हवा आहे त्याचा दुसऱ्या महिन्यातच जीव कंटाळतो. आपण कुठल्या जातीचे, हे आधी तपासा. फॉन्टफोर्ज हे फॉन्ट घडवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात ‘क’, ‘ळ’, ‘श’, ‘क्ष’ आणि ‘र्थि’ एवढेच आकार काढून पाहा, आठवड्याभरात उत्तर मिळेल.

पैशाच्या बाजूने सरळ सांगायचं तर, मराठी वाचकाला फॉन्ट विकत घ्यायची सवय नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर कोणालाही मोफत वापरता येतात आणि ते उत्तम आहेत. असे फॉन्ट समोर असताना सुटा फॉन्ट विकून घर चालेल असं मानू नका. पैसा येतो तो एखाद्या प्रकाशनाने, वृत्तपत्राने किंवा कंपनीने स्वतःसाठी करून घेतलेल्या फॉन्टमधून. गूगलनेही मोफत दिलेल्या अनेक फॉन्टच्या कामाचे पैसे ते घडवणाऱ्यांना दिलेले आहेत. पण अशी कामं नवख्याकडे येत नाहीत. आधी दाखवायला एक पूर्ण फॉन्ट लागतो, आणि तो फावल्या वेळात, बिनपैशाने करावा लागतो.

माझा कौल असा. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल तर नोकरी सोडू नका, आधी शनिवार-रविवारचा वर्ग काढा आणि तो दोन हंगाम टिकतो का ते पाहा. घरात दुसरा पगार असेल आणि ओळखीबाहेरची माणसं पैसे मोजून कामं देऊ लागली असतील, तर कामं आणि क्लास एकत्र धरून बाहेर पडायला हरकत नाही. वर्गाच्या फीतून घर चालवा, कामांचे पैसे साठवा. शिकून-सवरून नुकते बाहेर पडलेले, जबाबदारी नसलेले असाल, तर फॉन्ट घडवणाऱ्या एखाद्या टाइप स्टुडिओत किंवा डिझाइन कंपनीत दोन-तीन वर्षं पगारावर काढा. फॉन्टचं काम पगार घेत शिकण्यासारखी दुसरी सोय नाही. पूर्णवेळ फॉन्ट ही उडी पहिल्या दिवशी कोणीच घेऊ नये.

नोकरी सोडायचा महिनाही विचार करून निवडा. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात म्हणून पत्रिका थांबतात, आणि शाळा सुरू झाल्याने जूनमध्ये मुलांचे वर्गही रिकामे होतात. जूनच्या सुरुवातीला बाहेर पडणाऱ्याला पहिलेच दोन-तीन महिने कोरडे जातात आणि तिथेच धीर सुटतो. जुलैअखेर बाहेर पडा. तेव्हा दिवाळी अंकांच्या शीर्षकांची आणि मुखपृष्ठांची कामं सुरू झालेली असतात, मागोमाग गणपतीतली मंडळांची मानपत्रं आणि फलक येतात, आणि दिवाळी संपली की तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका.