ओटीपी त्याच्या मोबाईलवर, सीट त्याच्या कॉलेजात

जून लागला की देवगड-कणकवली भागात ॲडमिशनवाल्यांचा, म्हणजे पैसे घेऊन कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटांचा, हंगाम सुरू होतो. आंब्याची पट्टी नुकतीच हातात आलेली असते, बारावी आणि सीईटीचे निकाल लागलेले असतात, आणि बहुतेक घरांत इंजिनीअरिंगचा फॉर्म आजवर कुणी भरलेलाच नसतो. या एजंटांना हे सगळं पक्कं ठाऊक असतं.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीकडे आलेला माणूस परका नव्हता. पलीकडच्या गावचा, भावोजींच्या ओळखीतला. भाचीची मार्कशीट बघून आधी कौतुक केलं, मग पर्सेंटाईलकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याच्यात सरकारी कॉलेज इसरा." ताईचा चेहरा उतरलेला पाहून लगेच, "घाबरतास कित्याक? थंय माझो माणूस आसा." पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्या मागे किती जण राहिले त्याचा तो हिशोब. पण घाबरवायला तो आकडा फार सोयीचा पडतो. वर त्याने एक जाडजूड फाईल दाखवली, 'आतला डेटा' म्हणून. नंतर मी पाहिलं तर ते सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, वेबसाइटवर कुणालाही फुकट मिळणारे आदल्या वर्षीचे कटऑफ होते, म्हणजे कुठल्या कॉलेजात किती पर्सेंटाईलपर्यंत प्रवेश मिळाला ते आकडे.

फॉर्म भरायचे त्याने पाच हजार घेतले. "तुमच्याकडे रेंज नाही, ओटीपी चुकला तर फॉर्म बाद होईल," असं सांगून रजिस्ट्रेशनला स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. पावसात आमच्याकडे रेंज जाते हे खरंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पासवर्डही त्याच्याकडेच राहिला. म्हणजे त्या दिवसापासून भाचीच्या नावाने सरकारशी बोलणारा माणूस तो झाला.

थोड्या दिवसांनी चाळीस हजार मागितले. कशासाठी, तर मुलीची फी माफ करून आणायला मंत्रालयात 'द्यावे लागतात'. माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो याच पैशांवर. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 2024-25 पासून. त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, बस्स. माझी भाची ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीची व्हॅलिडिटी, दोन्ही दाखले हातात. तिच्या हक्काचीच माफी त्याने तिच्या बापाला विकली!

भाचीने वहीत पसंतीक्रम लिहून दिला होता. वर लोणेरेचं विद्यापीठ, मग रत्नागिरीचं शासकीय कॉलेज, ब्रँच कॉम्प्युटर. पहिल्या फेरीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "अभिनंदन, पेढे काढा." मिळालं होतं घाटावरचं एक खाजगी कॉलेज, ब्रँच मेकॅनिकल. ऑप्शन फॉर्मची, म्हणजे ऑनलाइन भरलेल्या पसंतीक्रमाची, प्रिंट मागितली तर टाळाटाळ. शेवटी मी ताईला आणि भाचीला घेऊन प्रवेशासाठी नेमलेल्या सुविधा केंद्रावर गेलो, तेव्हा प्रिंट मिळाली. त्या खाजगी कॉलेजचा नंबर पहिला होता. खाली मोजकीच नावं, तीही त्याच पठडीतली. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. लोणेरे यादीत नव्हतंच.

आता पसंतीक्रमाचा नियम. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, कारण तुम्हाला हवं होतं तेच मिळालं असं धरलं जातं. पुढच्या फेरीत सुधारणा मागता येत नाही. सीट सोडली तर पुढच्या कॅप फेऱ्याही बंद. मग राहतात त्या संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा, आणि तिथे ही फीमाफी लागू होत नाही. त्या माणसाला हे सगळं माहीत होतं. कमी कटऑफचं कॉलेज पहिलं टाकलं की ते मिळणारच, मुलगी अडकणारच, आणि कॉलेजकडून त्याचं कमिशन सुटणार. केंद्रावरचे सर भले होते, पण त्यांचाही इलाज नव्हता. उमेदवाराच्या लॉगिनमधून कन्फर्म झालेला फॉर्म उमेदवाराचाच मानतात.

भाचीने सीट घेतली. माफीचा अर्ज तिने स्वतःच भरला, आणि फी माफ झाली.

पैशांबद्दल विचारलं तर तो म्हणतो, ती 'कन्सल्टन्सी फी' होती. रोख पाच हजारांची पावती नाही. चाळीस हजार यूपीआयने गेलेत, तेही एका बाईच्या नावावर. त्या व्यवहाराचे आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे प्रिंट जोडून आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. मंत्रालयातल्या पैशांचा मेसेज त्याने पाठवून लगेच डिलीट केला होता, पण भाचीने आधीच स्क्रीनशॉट काढला होता. गावात दोघातिघांनी "आपलोच माणूस, मिटवून टाका" असं सुचवलं. भावोजींनी अजून तरी ऐकलेलं नाही.

ज्यांचे फॉर्म सध्या अशा कुणाच्या हातात आहेत त्यांनी आजच लॉगिन मागून घ्या आणि प्रोफाइलमध्ये कुणाचा मोबाईल नंबर आहे तो बघा. तुमचा नसेल तर मुलाला घेऊन, आधारकार्डासह, जवळच्या सुविधा केंद्रावर जा. तिथे चौकशीला पैसे पडत नाहीत. आणि ऑप्शन फॉर्म कन्फर्म होण्याआधी त्यातलं पहिलं नाव मुलाला मोठ्याने वाचायला सांगा.