नर्सरीचा रिव्ह्यू, आठ वर्षांनी एडिट केलेला

जून २०१७ मधे मी एका नर्सरीला पाच स्टार दिले होते. अजून आहे तो रिव्ह्यू, "खूप सुंदर नर्सरी, स्टाफ नम्र, पार्किंग भरपूर, नक्की भेट द्या". त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त तो लिहिला तेव्हा टेम्पोत रोपं चढवून दहा मिनिटं झाली होती. आता तिकडचे स्टार कमी केलेत आणि सविस्तर इकडे लिहितोय. नाव लिहिणार नाही, कारण मालकाने शेवटी जे केलं ते बघता तेवढं तरी मी त्याचं देणं लागतो. हायवेला आहे, मोठी आहे, दारात सिमेंटचा जिराफ आहे, एवढ्यावरून ओळखायची तर ओळखा.

आधी बॅकग्राउंड. आमचं आगर, म्हंजे नारळ-सुपारीची बाग, दापोली तालुक्यात, समुद्र चालत पाच मिनिटांवर, तीस गुंठे. आजोबांनी लावलेले माड, मधे पोफळी, कडेला दोन फणस आणि एक रातांबा, म्हंजे कोकमाचं झाड. मी डोंबिवलीला, गावी आई आणि हाताखाली एक गडी. नुसत्या नारळावर आता काय उरत नाही, पाडेली माड चढायचे जे घेतो ते दिल्यावर हिशोब करायची इच्छाच होत नाही. तर २०१७ ला डोक्यात आलं की लाखी बाग करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दापोली कृषी विद्यापीठाच्या भाट्ये (रत्नागिरी) इथल्या नारळ संशोधन केंद्राने बसवलेली पद्धत आहे, माडामाडात साडेसात मीटर अंतर, चार माडांच्या बरोबर मधे एक जायफळ, दोन माडांच्या मधल्या जागेत दालचिनी, आणि प्रत्येक माडाच्या बुंध्याला मिरीचा वेल चढवायचा. जमीन तीच, पाणी तेच, खत तेच, वरचा मजला नारळाचा, मधला जायफळाचा, खालचा दालचिनीचा आणि मिरी म्हणजे जिन्याने वर जाणारी भाडेकरू. कागदावर एवढं छान दिसतं की माणूस त्याच दिवशी नोकरी सोडायचा विचार करतो.

आणि आता हसा. विद्यापीठ आमच्या घरापासून तासाभराच्या आत, आणि मी रोपं कुठून आणली तर हायवेवरून. विद्यापीठात आधी जाऊन चौकशी करायला पाहिजे होती ती मी केली नाही, सुट्टी होती चार दिवस, पाऊस तोंडावर आलेला, येताना वाटेत नर्सरी दिसली, गाडी थांबवली. चोवीस जायफळं, साठ दालचिनी, चाळीस मिरी, झालंच तर आईला हवी म्हणून दोन सोनचाफे. मालक स्वतः छत्री धरून सगळीकडे फिरवत होता, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला, चहा पाजला. मी विचारलं जायफळात नर-मादी असतं ना, तर म्हणाला, "साहेब, काळजीच करू नका, सगळी मादीच आहेत, गॅरंटी." घरपोच टेम्पो. पाच स्टार कसे नाही देणार सांगा.

एकेक घेतो.

मिरी. पन्नियूर-१ जातीचे, मुळं फुटलेले छाटे, पिशवीत तीन-चार पानांचे. याला आजही पाचपैकी पाच. माडाच्या ईशान्येला खड्डे घेतले म्हंजे पश्चिमेचं ऊन डोक्यावर येत नाही, काथ्याने सैल बांधून दिले, चाळीसातले चौतीस लागले. तिसऱ्या वर्षी घोस धरले. घोसात एखाद-दुसरा दाणा लाल झाला की तोडायचा, दाणे सुटे करायचे, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उन्हात टाकले की तीन-चार दिवसांत काळेकुळकुळीत, नाहीतर आठवडाभर वाळत बसतात आणि रंगही धड येत नाही. तीन किलो हिरव्याची साधारण किलोभर होते. आमच्या घरची मिरी आता सगळ्या नातेवाईकांकडे आहे, विकायला थोडीच उरते ती गोष्ट वेगळी. वेल मेलेत ते माझ्या चुकीने, एका कोपऱ्यात पाणी साचत होतं आणि तिथे मर रोग आला, त्याला नर्सरीवाला काय करणार. आता पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारतो.

दालचिनी. पाटी होती "कोकण तेज". ही जात दापोलीचीच. बियांपासून केलेलं रोप सगळं आईसारखंच निघेल असं नाही, त्यामुळे जात हवी असेल तर गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) किंवा छाट घ्यायचा. माझी साठ रोपं एकसारखी नाहीयेत हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही कसं, तर पानं चावून. एका झाडाचं पान चावलं की झणझणीत, जिभेला गोडसर, शेजारच्याचं चावलं तर कापराच्या वडीसारखं, तिसऱ्याला वासच नाही. ओळीने चालत पानं चावत गेलो तेव्हा आई म्हणाली शेळी झालायस का. तर साठातली चाळीस-बेचाळीस चांगली, बाकीची आता कुंपणाच्या कामाची. सोलायचं काम मात्र मजेचं आहे, अंगठ्याएवढी फांदी झाली की कापायची, वरची खरखरीत साल खरवडायची, मग पितळी कांडीने घासत राहायचं म्हंजे आतली साल लाकडापासून सुटते, आणि मग सुरीने एक उभी चीर. पहिल्या वर्षी मी सगळ्या पट्ट्या मोडल्या. बुंधा ठेवून कापलं की परत तीन-चार फुटवे येतात, झाड मरत नाही. तीन स्टार.

आता जायफळ. रिव्ह्यू खरा याचाच आहे.

पहिल्या उन्हाळ्यात दोन गेली, आमचंच पाणी कमी पडलं, तेव्हा पाटाने शिंपणं होतं, ठिबक नंतर केलं. बाकीची बावीस छान वाढत होती. जायफळाला लहानपणी सावली लागते आणि आमच्या आगरात सावलीच सावली. मग आलं ३ जून २०२०. निसर्ग वादळ. मी लॉकडाऊनमधे डोंबिवलीत अडकलेला, आईचा फोन बंद, गावातल्या एकाचाही लागेना, चौथ्या दिवशी कुणीतरी मंडणगडजवळ रेंज मिळवून कळवलं की माणसं बरी आहेत, आगराचं विचारू नका. अडतीस माडांतले अकरा मुळासकट आडवे, पोफळी तर अर्ध्याहून जास्त काडीसारख्या मोडलेल्या. माड पडला तो बरोबर दोन जायफळांवर. आणि वरचं छप्परच उडालं म्हटल्यावर पाऊस संपल्या संपल्या ऑक्टोबरचं ऊन थेट खाली, जायफळांची पानं कडेने भाजल्यासारखी तपकिरी व्हायला लागली, पडलेल्या झावळ्यांचे झाप विणून आईने आणि गड्याने प्रत्येक झाडाला आडोसा केला, मधे मधे केळी लावल्या कारण लवकर सावली देणारं दुसरं काय आहे. तरी एक गेलंच. मिरीचं मात्र कौतुक, माडाबरोबर आडवी झालेली वेल जमिनीवरच मुळं धरून बसली होती, तिचेच तुकडे करून शेजारच्या माडांना लावले.

हे नर्सरीच्या रिव्ह्यूमधे कशाला असं वाटेल. यासाठी की मजल्यामजल्याची शेती करताना वरचा मजला पडला तर खालच्यांचं काय, हे विकणारा कुणी सांगत नाही. मलाही तेव्हा सुचलं नव्हतं विचारायचं.

तर उरली एकोणीस. २०२३ ची दिवाळी, मी सुट्टीवर, सकाळी आगरात गेलो तर एका जायफळाखाली फिकट पिवळी बारीक फुलं पडलेली, घुंगरासारखी. वर बघितलं तर पानांच्या बगलेत झुपकेच्या झुपके. मी फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, बहिणीने केकचा इमोजी पाठवला. शेजारचे अण्णा कुंपणापलीकडून बघत होते. ते आले, एक फूल खुडलं, अंगठ्याच्या नखाने उभं चिरलं आणि माझ्यासमोर धरलं. आत एक बारकी दांडी, नखाला पिवळसर पूड लागलेली. "हा बोवा आहे रे," म्हणाले. "बाई असती तर आत हिरवा मणी दिसला असता." पुढच्या झाडाशी गेलो, चिरलं, बोवा. पुढचा, बोवा. चौथ्या झाडाला फुलं एकेकटी, जरा गुबगुबीत, चिरल्यावर आत मणी. मोहरीपेक्षा थोडा मोठा. मला त्या मण्याकडे बघून जे वाटलं ते सांगत नाही. अण्णा मात्र खूश, म्हणे तुझ्याकडे भजनी मंडळ आहे.

आजपर्यंत एकोणिसातल्या पंधरांना फुलं आलीत. नऊ बोवे, सहा बाया. चार अजून गप्प आहेत.

यात नर्सरीवाल्याने कारस्थान केलं असं मी म्हणत नाही. जायफळाचं बियाचं रोप नर निघणार की मादी हे फूल येईपर्यंत बघून कुणालाच कळत नाही, साधारण निम्मी निम्मी निघतात, आणि फूल यायला सहा-आठ वर्षं. दहा मादींना एक नर पुरतो. म्हंजे बाकीचे नर आठ वर्षं तुमचं पाणी पिऊन, खत खाऊन, जागा अडवून बसलेले असतात. म्हणूनच मादी झाडाच्या काडीची कलमं करतात, कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती आहेत, कोकण संयुक्ता तर अशी की नर-मादी फुलं एकाच झाडावर. गॅरंटी फक्त कलमाची देता येते. रोपाची गॅरंटी देणारा माणूस एकतर अडाणी किंवा हुशार, आणि हा अडाणी नव्हता.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, बिल बघा." बिल आईने देवघरातल्या फडताळात जपून ठेवलेलं, काढलं, "जायफळ रोप, २४ नग". रोप. कलम कुठेच नाही, मादी कुठेच नाही. गॅरंटी तर तोंडची, छत्रीखालची. मी भडकलो, तोही भडकला, फोन ठेवला. आठ दिवसांनी त्याचाच फोन, म्हणाला मुलगा आता धंदा बघतो, तो म्हणतोय की असं नको, तुम्ही या, पाच कलमं घेऊन जा, पैसे नकोत. गेलो. मुलगा कृषी पदविका केलेला, त्याने कलमाचा सांधा दाखवला, पट्टी कधी सोडायची, सांध्याखाली फुटवा आला तर लगेच खुडायचा नाहीतर परत खालच्या रोपाचंच झाड होतं, आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती, जायफळाची काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घेतली तर झाड उभं वाढतं, आडव्या फांदीची घेतली तर कलम आयुष्यभर झुडपासारखं पसरतं. मदर ट्री, म्हंजे ज्यांच्या काड्या घेतात ती झाडं, बघायची म्हटलं तर मागे नेऊन दाखवली, फळं लगडलेली. हा मुलगा २०१७ ला काउंटरवर असता तर हा रिव्ह्यू दोन ओळींचा झाला असता.

बोव्यांचं काय केलं तर तोडले नाहीत. दोन ठेवले, तेवढे लागतातच. सात २०२४ च्या उन्हाळ्यात छाटले, पावसात धुमारे आले, सप्टेंबरात कलमं करणारा गावातलाच एक माणूस बोलावून त्या धुमाऱ्यांवर आमच्याच चांगल्या मादीच्या उभ्या काड्या बसवल्या. सातातल्या पाच लागल्या. मुळं सात वर्षांची असल्यामुळे फुटतातही जोरात. आई त्यांना "लग्न लावलेली" म्हणते.

कुणी नवीन करणार असेल तर माझ्यासारखं पार्किंग बघून जाऊ नका. पिशवी उचलून खाली बघा, मुळं भोकातून बाहेर येऊन जमिनीत गेलीत का, आत गोल गुंडाळलीत का, तसं असेल तर रोप कितीही हिरवंगार असो, मागे ठेवा. पाटीवरची जात बिलावर लिहून मागा, "कलम" शब्दासकट, आणि लिहायला का कू केलं तर चहा पिऊन निघा. जायफळच नाही, कोकमाचंही असंच नर-मादीचं आहे, आमचा रातांबा आजोबांच्या नशिबाने मादी निघाला एवढंच. आणि विद्यापीठ जवळ असेल तर आधी तिकडे जा, हे मी स्वतःलाच सांगतोय.

पहिलं जायफळ गेल्या पावसात उकललं. पिवळं फळ मधोमध फाटून आत लालभडक जायपत्री दिसते ना, तसं. आईने ती जायपत्री वर्तमानपत्रावर पसरून चुलीच्या वर ठेवली वाळायला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. सहा झाडांची मिळून अजून पिशवीभरही होत नाहीत.

तर मिरीला पाच, दालचिनीला तीन, जायफळाच्या रोपांना एक, मुलाला पाच, छत्रीखालच्या गॅरंटीला शून्य. सरासरी मी अडीच ठेवलीये, गणित तपासू नका. फुकट मिळालेली पाच कलमं आता कमरेएवढी आहेत, त्यांना फुलं यायला २०२८-२९ उजाडेल, अण्णा असतील तर त्यांच्या नखाने चिरून बघू आणि परत एडिट करू. पार्किंग अजूनही भरपूर आहे.